मोबाईलमधले आण्णा

४ जाने.
दुकानात आज मोबाईलची कव्हरं कमी, व्हिडिओच जास्त. घोडेगावच्या बाजारतळावर बिबट्या! प्रत्येक गिऱ्हाईक मलाच दाखवतंय. नीट बघितलं तर बिबट्याची सावलीच पडत नाही. एआयचा बनाव. तरी आई भिऊन मळ्यात गेली नाही. म्हटलं, मोबाईलमधलं सगळं खरं नसतं. म्हणे, "मग दाखवत्यात कशाला?"


६ जाने.
बातम्या: या पक्षातून त्या पक्षात उड्या चालूच. काल ज्याला शिव्या, आज त्यालाच हार. हसावं की रडावं!
आमच्याकडे चुलतभाऊ प्रशांत सरपंचाला उभा. दुकानात आला, आण्णांचा फोटो मागितला. शिवाय माझ्या लग्नातली त्यांच्या बोलण्याची क्लिप. वडिलांना जाऊन तीन वर्षं होतील. बॅनरसाठी असेल म्हणून दिलं. क्लिप बॅनरवर कशी लावणार, हे डोक्यात आलंच नाही.

९ जाने.
अंगावर काटा.
गावच्या ग्रुपवर आण्णा बोलतायत. टोपी, जोडलेले हात. "राम राम मंडळी, माझ्या पुतण्याला निवडून द्या." आवाज त्यांचाच! खाली फुलं, हात जोडल्याची चित्रं, "आण्णा अमर रहे".
व्हिडिओ पुन्हा लावला. उजवी करंगळी शाबूत!! आण्णा बैलबाजारातले दलाल, करंगळी तरुणपणीच बैलाच्या दाव्यात अडकून तुटलेली. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, तेव्हा समोरचा नुसत्या स्पर्शानं ओळखायचा, हे आण्णा. जन्मभर भाव तोंडानं बोलला नाही माणूस. आता मेल्यावर मतं मागतोय.

१० जाने.
प्रशांतला फोन. काढ म्हटलं आधी. "ताई, लोकं रडली बघून. आण्णा माझेबी हुतेच की." पोलिसांत जाईन म्हटलं. "जा की."
दुपारी आण्णांचे जुने दोस्त दुकानात. त्यांनी तर आण्णांना खांदा दिलेला. म्हणाले, "आण्णानं सांगितलंय म्हटल्यावर इषय संपला."
लोकांना झालंय काय?

१२ जाने.
सायबरची तक्रार आईच्या नावानं करायची ठरवलं. सांगायला घरात गेले तर आई चुलीपुढे मोबाईल घेऊन. व्हिडिओ थांबवलेला, काचेवर त्या करंगळीवरून बोट फिरवतेय. "धड हाय बघ."
ओरडलेच. खोटं आहे ते!
"कळतंय मला. बिबट्याबी खोटाच हुता. पर भ्या खरंच वाटलं न्हवं?"
मग चुलीकडे बघत, हळूच, "परशाला इचार. त्येंच्या तोंडून माझं नाव काढता येतं का."
आण्णांनी तिला कधी नावानं हाक मारली नाही. 'अगं ए', नाहीतर 'सुरेखाची आई'. स्वतःच्या लग्नात घास भरवताना तेवढं नाव घेतलं होतं म्हणे, वाजंत्रीत तिला ऐकूच गेलं नाही.


१३ जाने.
विचारलं शेवटी. जीभ रेटत नव्हती.
"पाच मिन्टात पाठवतो, ताई. आन् तक्रारीचं?"
म्हणजे सौदा. रुमालसुद्धा न टाकता. चीड आली. फोन आपटला. तासाभरानं मीच लावला आणि नुसतं "पाठव" म्हटलं. बाकी काही कबूल केलेलं नाही. तो समजायचं ते समजला असेल.

१४ जाने. संक्रांत
शेजारी हळदीकुंकू. बायका नवऱ्यांची नावं घेतायत, हशा इथवर येतोय. आईला अर्थातच बोलावणं नाही.
प्रशांतचं आलं. दुकानात एकटीच होते, आवाज बारीक करून ऐकलं. "सुभद्रा." एवढंच. आण्णा हसतात थोडे. असे हसायचे ते फक्त बैल मनासारखा विकला गेला की.
खोटं आहे, मला माहीत आहे, तरी पुन्हा लावलं. राग कुणावर काढू?
तक्रार अर्धी लिहिलेली मोबाईलमध्येच आहे. खोडलेली नाही, पाठवलेली नाही. परवा मतदान.
घरात आले तर आईनं नवं लुगडं नेसलेलं.
"आलं का गं?"