एकाच नंबरची रायफल

१० ऑगस्ट, रविवार
बाबा कामोठ्याला आले. अर्धांगाने वाचा गेली. गावी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. सामान म्हणजे एक ट्रंक आणि फळीवर बसवलेली थ्री-नॉट-थ्री रायफल, निवृत्तीच्या वेळी पलटणीने दिलेली. नळी आतून वेल्ड करून बंद आहे. निकामी केल्याचं सर्टिफिकेट तीनदा वाचलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही दाखवलं. त्यांनी मागितलं नव्हतं.

जुन्या लष्करी रायफलींचे फोटो बघून कुठला भाग मूळचा आणि कुठला मागाहून बसवलेला, ते मी ओळखतो. जुन्या शस्त्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या मताला वजन आहे. खरी रायफल हातात घ्यायची ही पहिलीच वेळ. ग्रुपवर हे सांगायची गरज नाही.

१७ ऑगस्ट
भिंग, टॉर्च, मऊ फडकं. नियम साधा आहे: मुख्य भागांवर एकच नंबर असला पाहिजे. जुळला तर अस्सल.

सांगाड्यावर आणि नळीवर एक नंबर. गोळी आत ढकलणाऱ्या बोल्टवर दुसराच. गोळ्या भरायच्या मॅगझीनवर तिसरा. नळीच्या टोकाच्या टोपीवर चौथा. लाकडी दस्त्यावर रंगवलेला पाचवा.

म्हणजे मोडीतून जुळवलेला माल. पलटणीने बाबांना फसवलं. जेवण गेलं नाही.

शिवाय या चार खोट्या भागांवर कुंकवाचे डाग, थरावर थर. खंडेनवमीला शस्त्र पुजतात, मान्य. पण एक टिळा पुरतो. हात आधीपासूनच थरथरत असावा. सांगाडा मात्र कोरा. नेमका खरा भाग पुजायचा राहिला!

२४ ऑगस्ट
आजारी माणसाला हे सांगावं का? आठवडाभर स्वतःला विचारलं. खरं सांगणं हाच आदर, असं ठरलं. बोल्टवर बोट ठेवून म्हटलं, बाबा, हा तुमच्या रायफलीचा नाही. त्यांनी मान हलवली: हो. म्हणजे त्यांनाही संशय होताच. बरं वाटलं. मग त्यांनी चांगल्या हाताची चार बोटं वर केली. चारचा चहा हवा असणार. सुचित्रा म्हणाली, "अहो, आत्ताच तर प्यायले." अर्धांगात वेळेचं भान राहत नाही.

ती म्हणाली, शिवरामकाकांना फोन करून विचारा ना, ते बाबांच्याच पलटणीत होते. सूचना चांगली आहे. पण ऐकीव माहितीने निरीक्षण बिघडतं. आधी निष्कर्ष, मग फोन.

३१ ऑगस्ट
डाग स्पिरिटने पुसले. चारही खोटे भाग काढले. योग्य भाग मिळाले की बसवू.

बाबा व्हीलचेअरवरून बघत होते. रडले. अर्धांगात विनाकारण रडू येतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

ग्रुपवर प्रसादने लिहिलं, "साहेब, काढू नका. जे बसवलंय त्यालाही काहीतरी कारण असेल." प्रसाद भावनिक आहे. पूर्वी घड्याळं जमवायचा.

१३ सप्टेंबर, शनिवार
सुटे भाग घरात ठेवणं कायद्यात बसतं का? ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, "राहू द्या हो, कोण बघतंय?" या उत्तराने झोप उडाली.

सुट्या भागांचा डबा आणि दस्ता घेऊन कळंबोलीच्या लोखंड बाजारात निघालो. सुचित्राने दार अडवलं. "पितृपक्षात म्हाताऱ्या माणसाच्या वस्तू मोडीत घालताय? एकदा त्यांच्या तोंडाकडे तरी बघा." मी असलं काही मानत नाही. गॅस कटरवाल्याकडून समोर तुकडे करून घेतले. "ये क्या था, साब?" नकली माल, म्हटलं. दस्ता त्याने बाजूला टाकला. चुलीला होईल म्हणाला.

भिंतीवर आता सांगाडा आणि नळी. शंभर टक्के अस्सल. शेजाऱ्यांना गॅसचा पाइप वाटला. समजावून सांगितलं.

२० सप्टेंबर
त्याच नंबरचे भाग जगात एकदाच बनतात. ते कुठे असतील, असतील का, हा विचार आधी करायला हवा होता. नोंद असू दे. पण अपुरं खरं हे पुऱ्या खोट्यापेक्षा बरं.

बाबा हल्ली भिंतीकडे पाठ करून झोपतात. पंख्याचा वारा लागत असेल.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी शिवरामकाकांचाच फोन. "चौघास्नी कुकू लावलं का रं?"

कोण चौघे?

"तुझ्या बानं, मधुकरनं, तुला सांगितलं न्हाई व्हय?" पासष्टच्या लढाईत बाबांच्या सेक्शनचे चार जण एकाच दिवशी गेले. त्यांच्या रायफली पुढे मोडीत निघाल्या. बाबांनी शस्त्रागाराच्या उस्तादाला विनवून एकेकीचा एक भाग ठेवून घेतला आणि निवृत्तीच्या वेळी स्वतःच्या रायफलीवर चढवला. बोल्ट तात्याबाचा. मॅगझीन गुलाब मुलाण्याचं. टोपी धोंडीची. दस्ता रामूचा. "रामूची आई जित्ती हुती तवर दसऱ्याला येऊन दस्त्याला ओवाळायची. फोटू धाड की."

नेटवर्क नाही म्हणालो.

तोवर सुचित्राने बाबांना आंघोळ घालून डोक्यावर पांढरी टोपी घातली होती. मांडीवर कुंकवाचा करंडा. खुर्ची भिंतीपाशी नेली. बोट बुडवून हात बोल्टच्या जागी गेला. खाली मॅगझीनच्या. टोकाकडे. मग दस्त्याच्या. तिथून परत फिरला. कुंकू त्यांनी धोतराला पुसलं.

आज रडले नाहीत.

२ ऑक्टोबर, दसरा
कळंबोलीला गेलो. गॅस कटरला झेंडूचा हार, कुंकवाचा टिळा. "वो तो भट्टी में गया, साब." दस्ता? त्याने चुलीकडे हात केला. मग हातावर पेढा ठेवला.

घरी येऊन सांगाडा पुन्हा तपासला. एकच नंबर. बाबांचा. दुसरं कोणी नाही.

संध्याकाळी बाबांनी चार बोटं वर केली.

मी चहा ठेवला.