फक्त प्रसन्न पुस्तकं

३ मार्च

माझ्या यादीवर लाल पेन! ‘पर्यावरण सप्ताह आहे, कारखान्याच्या वाचनालयातली आवर्जून वाचावीत अशी पुस्तकं काढा’ — असं मॅनेजरसाहेबच म्हणाले होते. काढली. त्यांनी नदीचं उडवलं, मातीचं उडवलं, विषारी फवारणीवरचं तर हातातही धरलं नाही. “बाई, कामगार दमून येतात. प्रसन्न काहीतरी द्या. फुलं, पक्षी.” उरलं काय, तर फुलांची दोन आणि पाणपक्ष्यांचं एक, रंगीत चित्रांचं.

नवरा ह्याच कारखान्यात, पंपांवर. म्हणाला, “फुलं तर फुलं. तुझं काय जातं?” माझं जातं!

६ मार्च

प्रसन्न तर प्रसन्न. पक्ष्यांचं पुस्तक दारातच मांडलं. वर चिठ्ठी — ‘वाचा, आणि कारखान्यामागच्या तळ्यावर जाऊन या.’ यात वावगं काय?

१० मार्च

पुस्तकावर उड्या! आधी क्रेनवाला, मग कॅन्टीनच्या मावशी. मावशी काल नातीला घेऊन तळ्यावर गेल्या. आज आल्या त्या तणतणतच. “अख्खी सकाळ बसलो. एक पक्षी नाही! पुस्तक खोटं की तळं?”

क्रेनवाला म्हणाला, “लहानपणी बदकं होती की. मी दगड मारलेत.” पाण्यावरचा तो जांभळा तवंग आम्ही रोज बघतो. बघून बघून दिसेनासा झाला होता.

साहेबांनी उडवलेल्या पुस्तकांनीसुद्धा एवढं केलं नसतं. आणि हे त्यांनी स्वतः निवडून दिलं! घरी येईपर्यंत हसत होते.

१३ मार्च

बोलावणं आलं. “चिठ्ठी काढा, पुस्तक परत मागवा. नाहीतर वाचनालयाला कुलूप आणि तुम्ही घरी.”

म्हटलं, “साहेब, पुस्तक वाचकाकडे आहे. मुदत संपेपर्यंत मी कुणाकडे मागत नाही.” बोलले एकदाची!

नवरा भडकला. “कशाला नसती उठाठेव? दोघांच्याही नोकऱ्या घालवशील.” आणि जेवलाच नाही. भित्रा कुठला!

१४ मार्च

चिठ्ठी कुणीतरी फाडली. मी मोठ्या अक्षरात दुसरी लावली.

१६ मार्च

कॅन्टीनमध्ये सगळे कामगार जमले. ठरलं. उद्या पाळी सुटली की सगळे गेटवर. तळ्यात घाण कोण सोडतं, कुणाच्या हुकमाने — नावं सांगा म्हणायचं. मावशींनी विचारलं, “आणि नाव कळलं की?” मी म्हटलं, “तो कुणी का असेना, गय करणार नाही!” टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

१६ मार्च, रात्री

नवरा म्हणाला, “तळ्यात घाण सोडायचा व्हॉल्व्ह मीच उघडतो. साहेब सांगतात, मी उघडतो.”

ताटं तशीच राहिली. मी म्हटलं, “मी उद्या जाणार आहे.”

“मीही येतो,” तो म्हणाला. “माझं नाव मीच सांगेन.”