अम्माच्या भिंतीवरचं गाव

अल नहदा, शारजा
१७ ऑगस्ट २०२५

चि. कुबरा हिस,
अस्सलामु अलैकुम आणि अ. उ. आ.

तुझं पत्र आणि सुक्या बोंबलांचा डबा सुट्टीहून परतलेल्या खैरुद्दीनच्या हाती पोचले. तुझ्या भाभीला, मुनिबाला, दम कुठला! तिने डबा लिफ्टमध्येच उघडला. चौदाव्या मजल्यापर्यंत आमच्याबरोबर अडकलेले लोक आता आम्हाला ओळख देत नाहीत. बाकी सगळे खुशाल.

मोठी बातमी अशी की डिसेंबरअखेर माझं इथलं काम खलास. व्हिसा कॅन्सल होईल आणि इन्शाल्ला नव्या वर्षात मी आणि मुनिबा कायमचे बाणकोटला. चाळीस वर्षं लोकांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली, आता ओटीवर बसून खाडी बघायची. सफा मात्र इथंच राहणार. तिची नोकरी दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मैत्रिणींबरोबर फ्लॅट बघतेय. एकटी मुलगी परमुलखात, माझ्या जिवाला घोर लागलाय. तसं बोललो तर ती इंग्लिशमध्ये म्हणाली की बाबा, तुम्ही आलात तेव्हा माझ्यापेक्षाही लहान होतात.

आता अम्माचं. तू लिहितेस की तिची नजर उतरतच चाललीय आणि तिने एकच हट्ट धरलाय, दिसतंय तोवर नूरूचा, म्हणजे माझा, त्याच्या गावासमोरचा फोटो हवा. गाव म्हणजे भिंतीवरचं. तुला आठवत असेल, इथं आल्यावर पहिल्याच वर्षी मी कंपनीचं कॅलेंडर पाठवलं होतं. डोंगरावर दगडी गाव, मधोमध मनोरा, पायथ्याशी घुमट, उतारावर द्राक्षवेलींच्या रांगा, आणि खाली कंपनीच्या पत्त्यात ठळक अक्षरांत दुबई. कुणीतरी तेवढंच वाचून दाखवलं आणि अम्मा समजली की हीच दुबई, आपला मुलगा इथं राहतो. मी सुट्टीवर आलो तोवर चित्राला फ्रेम लागली होती आणि अख्खा मोहल्ला पाहून गेला होता. मी तेव्हा आठ जणांच्या खोलीत वरच्या खाटेवर निजत होतो. तिचं तोंड इतकं उजळलं होतं की माझी जीभच उचलेना.

मे महिन्यात सफा तिकडे आली होती, तेव्हा तिने चित्राचा फोटो काढला आणि फोनने गाव ओळखलं. इटलीतलं मॉन्टेपुल्चानो. आता ती म्हणते, रिटायरमेंटची भेट म्हणून तिथंच जाऊ. मीही ठरवलंय. त्या गावासमोर उभा राहतो, फोटो कागदावर छापून अम्माला पाठवतो. निदान तिच्या डोळ्यांसमोर ते गाव खरं होईल. तोवर तू अवाक्षर काढू नकोस. हे पत्र वाचून दाखवशील तर बोंबलांचा भाग तेवढा वाच.

लोभ असू दे, डबेही असू देत.

तुझा भाई
नूरुद्दीन

बाणकोट
२ सप्टेंबर २०२५

ती. भाईस,
अस्सलामु अलैकुम. सलाम वि. वि. (शाळेत गुरुजींनी नमस्काराच्या जागी सलाम लिहायची परवानगी दिली होती, ती अजून चालू आहे असं धरते.)

बोंबलांचा भाग वाचला. अम्मा हसली, मग कागद चाचपून म्हणाली की एवढी सगळी पानं बोंबलांचीच का? तू लिहून मोकळा होतोस, इथं थापा मला माराव्या लागतात.

तुझ्या त्या गावाची चौकशी मी मोबाईलवर केली. अरे, ते गाव दारूसाठी जगात मशहूर आहे. घरांच्या पोटात तळघरं आणि तळघरांत खोलीएवढी पिंपं. म्हणजे हज करून आलेल्या आपल्या अम्माने पोटच्या पोराला चाळीस वर्षं दारूच्या पिंपांवर निजवलं! मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

भाई, हे मला पटत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे मलाही कळतं. पण फोटो आला की ती विचारणार, तुझं घर यातलं कुठलं, शेजारी कोण, पाणी कुठून आणतात. आणि जानेवारीत तू त्याच चित्राखाली जेवायला बसणार आहेस. किती दिवस मान खाली घालून जेवशील? तिचं वय बघता मला वाटतं, तिने खरं ऐकून जावं. आणि वाटतं, ऐकून तिचं काही मोडलं तर?

तुला एक सांगते. नजर उतरल्यापासून रोज रात्री इशाची नमाज झाली की ती फ्रेम उतरवून मागते. मांडीवर घेते, नाक टेकेल इतकी जवळ धरते, एका ठिकाणी बोट ठेवून काहीतरी पुटपुटते आणि मगच आडवी होते. काय म्हणतेस विचारलं तर सांगत नाही.

जा, डोळे भरून बघून ये. पण येताना काय बोलायचं ते ठरवून ये. लहान तोंडी मोठा घास घेतलाय, धाकटी म्हणून पोटात घाल. माया आहे तशीच राहो.

तुझी
कुबरा

मॉन्टेपुल्चानो
२८ सप्टेंबर २०२५

चि. कुबरा हिस,
अस्सलामु अलैकुम आणि अ. उ. आ.

काल पहाटे खिडकी उघडली तर खाली जमीनच नव्हती. सगळी दरी धुक्याने भरलेली आणि आमचं गाव तेवढं वर तरंगत होतं. आमचं गाव असं हातून लिहून गेलं, राहू दे.

कुबरा, मला रस्ते माहीत होते. दर सुट्टीत ते चित्र बघून बघून ते पायांत बसले असावेत. मुख्य रस्ता चढत जातो, दम लागतो, वळण आलं की मी मुनिबाला आधीच सांगायचो, आता मनोरा दिसेल, आणि मनोरा दिसायचा. दारादारांतून खालच्या तळघरांचा गार वास वर येतो. मुनिबाने आधी ओढणी नाकाला लावली, मग हळूच काढली आणि म्हणाली की मे महिन्यात कोकमासाठी रातांबे मुरत घातलेल्या पिंपाचा वास असाच येतो. एका तळघरात उतरलो. पिंपं काळोखात अशी बसलेली की आपण हळू बोलायला लागतो. सफाने सांगितलं आम्ही पीत नाही, तर तिथल्या बाईने न रागावता ताजी द्राक्षं आणून दिली. इथं तोडणी चालू आहे. वर चौकात कॉफीचा भाव मी आधी दिरहॅममध्ये आणि मग रुपयांत मोठ्याने सांगितला, तेव्हा मुनिबाने कप खाली ठेवला.

अम्मा घुमटाला मशीद समजते ना, ते चर्च निघालं. आत शिरलो तर गारवा आपल्या मशिदीसारखाच. बराच वेळ बसलो. मला वाटायला लागलं की एक नूरुद्दीन खरंच इथं राहून गेलाय. इस्त्रीचा शर्ट, हाताला ग्रीस नाही, संध्याकाळी वेलींमधून चालत घरी येतो. त्याचा मला हेवा वाटला आणि का कोण जाणे, रडूही आलं.

चित्र जिथून काढलंय ती जागा सफाने शोधली. थोडे डावीकडे व्हा, डावीकडे व्हा, असं सारखं सांगत होती. पण डोळ्यांवर ऊन, मी हललोच नाही. तिने इथंच फोटो छापून घेतला, सोबत आहे. तो अम्माच्या हातात दे आणि गावाचं वर्णन तेवढं वाच. बाकीचं बोलायची हिंमत अजून झालेली नाही. मी आल्यावर बघू.

लोभ आहेच, त्याला धुकं लागू नये.

तुझा भाई
नूरुद्दीन

बाणकोट
१९ ऑक्टोबर २०२५

चि. नूरू यास,
अम्माचे सलाम आणि पोटभर दुवा. लिहिणार कुबरा. मी बोलेन तसंच लिही, मध्ये आपलं शहाणपण नको, असं तिला बजावलंय.

फोटो मिळाला. भिंग लावून पुरते दोन दिवस बघितला. जाड झालास, शर्ट चांगला आहे. पण बेटा, उभा कुठे राहिलास? मनोऱ्याखालच्या रांगेतली तिसरी खिडकी, हिरव्या फळ्यांची, नेमकी तुझ्या डोक्यामागे गेली. पोरगी सांगत होती ना डावीकडे हो म्हणून?

कुबराला आता सगळी पत्रं पहिल्यापासून वाचायला लावली. तुम्ही दोघं अजून लहानच आहात.

पहिल्या सुट्टीवर आलास तेव्हा तुझे कपडे मी धुतले होते. तीन पाण्यांतून काढले तरी डिझेलचा वास जाईना. द्राक्षांच्या गावात राहणाऱ्याच्या शर्टाला डिझेलचा वास येतो होय? हातांवर भाजल्याचे डाग होते. तेव्हाच काय ते समजले. तू बोलला नाहीस, कारण अम्माला बरं वाटत होतं. मी बोलले नाही, कारण तुला बरं वाटत होतं.

पण तू परत गेलास आणि माझी झोप उडाली. कुठे निजला असेल, उशी असेल का, कोण पांघरूण घालणार. मग एका रात्री चित्रातल्या त्या तिसऱ्या खिडकीवर बोट ठेवून तुला तिथं निजवलं. वारा येतो, खाली वेली आहेत, पायथ्याशी अल्लाचं घर आहे. मशीद नाही, चर्च आहे म्हणतोस, असू दे, घर त्याचंच. तुला तिथं निजवलं आणि मला झोप लागली. तेव्हापासून रोज आधी तुला निजवते, मग मी निजते. खाली दारू आहे हे मला ठाऊक नव्हतं, त्याचा गुन्हा अल्ला माझ्या नावावर लिहिणार नाही.

आता तू घरी येतोस. आतल्या खोलीत निजशील, घोरशील, मला हाताने चाचपता येईल. म्हणजे ती खिडकी रिकामी झाली. सफाचा घोर तू लावून घेऊ नकोस. तिला म्हणावं, फ्लॅट कुठेही घे. माझे डोळे गेले तरी फ्रेमवर बोट बरोबर जागेवर जातं.

तुझं मला माहीत होतं, तू लहानपणापासून भिंतीकडे तोंड करून निजतोस. पोरीचं ठाऊक नाही. तिला विचारून लवकर कळव, तिला भिंतीकडची बाजू आवडते की खिडकीकडची.

दुवा आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी
अम्मा