शीयी म्हणे!

अल्फारेटा, अमेरिका

ती. सुलभावन्संना,

शैलजाचा रागासकट नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? तुमचे बंधू ठणठणीत. माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

आपल्या निमिषसाठी आम्ही मेईच्या वडिलांकडे तिला रीतसर मागणी घातली. आपल्याकडे पसंती कळवतात कशी? फोन करतात, पेढे पाठवतात, चार गोड शब्द बोलतात. चेनसाहेबांनी आठवडाभर विचार केला (आठवडाभर! माझ्या मुलाचा!) आणि चिनी भाषेत एकच शब्द पाठवला: ‘शीयी’. मेई म्हणाली, फार औपचारिक शब्द आहे, म्हणजे योग्य, साजेसा. मी फोनवर अर्थ शोधला, तर उदाहरण काय? ‘ही जमीन कोबीला शीयी आहे.’ माझं पित्तच खवळलं. माझा मुलगा म्हणजे काय कोबीचा वाफा आहे? निमिष म्हणतो, “आई, चिल! इट्स अ गुड वर्ड.” तुमचे बंधू हसले, म्हणून त्यांच्याशी अबोला धरलाय.

शनिवारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. दारातच तोंड सोडायचं ठरवून गेले, तर चेनसाहेब मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले. शेगडीवर नवी कढई, नवे झारे, नवी पातेली (एकावर दुकानाचं लेबल तसंच). मेईने सांगितलं, जुन्या भांड्यांत मांस शिजतं, ती तुम्हाला शीयी नाहीत, म्हणून बाबा आठवडाभर दुकानं पालथी घालत होते. म्हणजे हा माणूस समोरच्याला काय मानवेल ते आधी बघतो, आणि मगच तो शब्द वापरतो. वन्सं, इतका संताप आला मला! भांडायला म्हणून गेले आणि दोनदा भात मागून घेतला.

आता हा राग काढायचा कुणावर? मग तुमची आठवण झाली. उन्हाळ्यात तुम्ही इथे होतात, तेव्हा मेई आली की तिचा चहा त्या निळ्या कपात वेगळा द्यायला लावायचात (“काय काय खाते ती, आपल्याला शोभत नाही”). पोरगी तो कप निमूट धुऊन वेगळा ठेवायची. घरी तिने सांगितलं असेल का, हे विचारायचा मला धीर होत नाही.

मोठ्यांना नमस्कार, तुम्हाला वर केलाच आहे.

तुमची,
शैलजा

ता. क. लग्न मे महिन्यात. तुम्ही यायलाच हवं, आत्याचा मान तुमचा.

ता. ता. क. निळा कप टाकलेला नाही. तुमचा चहा मेईच्या हातून त्यातच मिळेल. तुम्हाला अगदी शीयी आहे.