मागच्या अंगणातली गर्दी

४ फेब्रुवारी
उंदीर! मागच्या अंगणात, भरदुपारी, फेरफटका मारायला निघाल्यासारखा. मी किंचाळले. बाबा खिडकीशी बसून म्हणतात, "असू दे गं, त्यालाही पोट आहे." माझं अंगण म्हणजे काय धर्मशाळा?
आणि बाबांच्या पोटाचं काय? आजारपणानंतर त्यांना इथे आणलं ते अंगावर मूठभर मांस चढावं म्हणून. मी शाळेतून येईपर्यंत दुपारचं ताट लख्ख झालेलं असतं, तरी वजन घटतंच आहे! रात्री म्हणे भूक नसते, नुसतं दूध पितात. काळजीनं जीव अर्धा झालाय माझा.

७ फेब्रुवारी
पिंजरा लावला. एक सापडला, चार फिरतायत.

११ फेब्रुवारी
आता मांजर. तेही गलेलठ्ठ! शेजारच्या काकू भिंतीवरून — "आमच्याकडे बाई साधी पालसुद्धा फिरकत नाही." टोमणे मारायला बरा वेळ मिळतो.

१५ फेब्रुवारी
साप!! बिनविषारी निघाला, पकडून नेला.

१६ फेब्रुवारी
नववीला अन्नसाखळी शिकवत होते. फळ्यावर बाण काढता काढता हात थांबला. प्रत्येक पायरीला बरीचशी ऊर्जा खर्च होते, वर जेमतेम दहावा हिस्सा पोचतो. म्हणजे वर एवढी गर्दी, तर खाली ढीगभर खाणं हवं. माझ्या अंगणात गवताचं पातं नाही, नुसती फरशी! मग ही फौज पोसतंय कोण?
काकू! भिंतीवरून खरकटं टाकत असणार. दुसरं कोण?

१७ फेब्रुवारी
काकूंशी कडाक्याचं भांडण. "आधी स्वतःच्या घरात बघ," म्हणाल्या. चोराच्या उलट्या बोंबा!

१८ फेब्रुवारी
अर्धी रजा टाकून न सांगता घरी आले. दार उघडते तो काय — बाबा खिडकीतून ताट उपडं करतायत! भात, भाजी, सगळं. भल्या पहाटे उठून रांधलेलं!
तोंडाला येईल ते बोलले. "उंदीर पोसायला आणलं का मी तुम्हाला?" बाबा रिकामं ताट घेऊन मोरीकडे वळले. हा कसला हट्ट? जगायचंच नाही का यांना? उद्यापासून माझ्यासमोर जेवायचं, बस्स.

१९ फेब्रुवारी
समोर बसवलं. एक घास, त्यावर पेलाभर पाणी. दुसऱ्या घासाला ठसका. "नाटकं पुरे!" म्हटलं. तिसरा घास तसाच उलटून पडला. डोळ्यांतून पाणी. मी घाबरले. उद्या डॉक्टर.

२० फेब्रुवारी
अन्ननलिकेत गाठ आहे. घास उतरतच नव्हता, कित्येक दिवस.
"मग बोलला का नाहीत?" मी दवाखान्याच्या पायरीवरच ओरडले.
बाबा म्हणाले, "तू एवढं मन लावून करतेस. भरलं ताट परत कसं देऊ?"