दुसरी बरणी

॥ श्री ॥

विश्रामबाग, सांगली
दि. १६ ऑक्टोबर १९७८

गं. भा. हरणाअक्कांना,
धाकट्या जावेचा, चंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे लालासाहेब भाऊजी कचेरीतून वेळेवर येतात आणि आल्या आल्या चहा मागतात. बनूला सहामाहीत गणितात पस्तीस मिळाले. मिळाले म्हणजे बाईंना दया आली. तेराव्या वर्षी मी घरचा सगळा स्वयंपाक करत होते, हे तिला सांगितलं की ती म्हणते, म्हणून तुला गणित येत नाही.

तुम्ही गाव सोडून आटपाडीला भावाकडे गेलात त्याला दोन महिने होऊन गेले. रोज लिहीन म्हणते आणि रोज काहीतरी काम निघतं. खरं सांगायचं तर निघत काही नाही, मीच काढते.

तुम्ही मागे विचारलं होतं ना, माझ्या भावानं, भाऊसोनं, मिलिटरी कॅन्टीनमधून आणलेल्या त्या मिक्सरचा नेमका उपयोग काय? मग ऐका. सकाळी पहिलं काम शेंगदाण्याच्या कुटाचं. दोन मुठी दाणे टाकायचे, बटण दाबायचं आणि तोंडानं दहापर्यंत आकडे म्हणायचे. गप्पांच्या नादात पंधरावर गेलात की तेल सुटून गोळा होतो. मग ओलं खोबरं, मिरची, आलं, कोथिंबीर यांचं वाटण. पाणी बेतानं घालावं लागतं, नाहीतर वाटण कडेला चिकटून बसतं आणि पाती मध्ये रिकामी फिरते. ताक मिनिटात होतं, पण साय मी अजून रवीनंच घुसळते, कारण भांडं गरम होतं आणि लोणी धड वर येत नाही. शेजारच्या कानडी बाईंनी डोसे शिकवले, त्याची डाळ-तांदूळ वाटायला तर फारच सोयीचं आहे. कणीक मात्र मळून देत नाही आणि पुरण घालायच्या भानगडीत कुणी पडू नये. मी पडले होते, चमच्यानं खरवडून काढावं लागलं.

आवाज मोठा आहे. सुरू असला की घरात कोण काय बोलतंय ते ऐकू येत नाही. कधी कधी मला ते बरंच वाटतं.

दिवाळीला आत्याबाई इकडे येणार आहेत. दोन सुना असून गावात एकट्याच चूल फुंकतात, मग आणायला नको का? तुम्हीपण या. भाजणी मी मिक्सरात काढून बघितली, जाडीभरडी झाली आणि चकली तेलात विरघळली. तुमच्या हाताशिवाय चकली नाही, हे लालासाहेबसुद्धा म्हणतात.

हाताचा विषय काढायचा नव्हता, पण निघाला. अक्का, श्रावणात जे झालं ते मनात ठेवू नका. वर्षाच्या कांदा-लसूण चटणीला बुरशी आली, टाकून दिली. पुढच्या उन्हाळ्यात नवी करू. आत्याबाईंचं बोलणं तुम्हाला काही नवीन नाही. मी त्या दिवशी काहीतरी बोलायला हवं होतं. नको तिथं माझी जीभ दांडपट्ट्यासारखी चालते, त्या दिवशी नेमकी चालली नाही.

असो. आकारामदादांना आणि वहिनींना नमस्कार. दिवाळीचं नक्की कळवा.

तुमची,
चंद्रा

विश्रामबाग, सांगली
दि. २५ ऑक्टोबर १९७८

गं. भा. हरणाअक्कांना सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर माझ्या बनूपेक्षा चांगलं आहे. वाचून बाजूला ठेवलं, पुन्हा घेऊन वाचलं. तुम्ही लिहिलंय:

“चंद्रे, दिवाळीला येत न्हाई. माझ्याच हाताला दोष हाय ह्ये आता मलाबी पटाय लागलंय. हितं मी बरणीला शिवत न्हाई. वैनीनं सांगायच्या आधी मीच म्हणलं, मला शेणपाण्याचं आन जळणाचं काम द्या. येकच इचारायचं हाय. चटणी येकाच वक्ताला करून तू दोन बरण्या भरल्यास. येक गावाकडं दिलीस, येक तुझ्या घरात ऱ्हायली. तुझी बरणी कशी हाय? त्येवढं कळीव.”

आमची बरणी चांगली आहे. म्हणजे आता संपत आली.

मिक्सर परवा मध्येच बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, बाई, दमानं घ्या, जास्त वेळ चालवलं की तापतं. पुन्हा सुरू झाला आहे. दिवाळीची खरेदी अजून व्हायची आहे, गडबडीत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुमच्या हाताला दोषबिष काही नाही. असं मनात आणू नका.

चंद्रा

विश्रामबाग, सांगली
दि. ६ नोव्हेंबर १९७८

अक्का,

आज नमस्कार लिहायची माझी लायकी नाही, म्हणून तो शेवटी जमला तर लिहीन.

मागच्या पत्रात मी ‘आमची बरणी चांगली आहे’ असं लिहिलं. ते पेटीत टाकून घरी आले आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. तुम्ही नुसतं विचारलं होतं, मी निकाल देऊन टाकला. तुमच्याकडची बिघडली, माझी चांगली राहिली, म्हणजे दोष तुमच्याच हातात. पुढच्या ओळीत ‘दोष नाही’ असं लिहून त्याची भरपाई होत नाही. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

तरीही कदाचित मी गप्प बसले असते. माझा भरवसा मलाच नाही. पण भाऊबीजेच्या दिवशी बनू मोठी झाली. आत्याबाई आल्याच होत्या. त्यांनी तिला कौतुकानं पाटावर बसवलं, ओवाळलं, गूळ-खोबरं दिलं आणि मग पडवीत चटई टाकून दिली. हे आपल्याकडचं नेहमीचं, त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई अंघोळीला गेल्या होत्या. मी खोबऱ्याचं वाटण लावलं होतं, दोन्ही हात भरलेले. म्हटलं, बने, आत ये, कुणी बघत नाही, तेवढा मिठाचा डबा सरकव. ती काहीतरी बोलली. मिक्सरच्या आवाजात ऐकू आलं नाही, म्हणून बटण बंद केलं. ती भिंतीला चिकटून उभी होती. म्हणाली, “न्हाई आई. माझ्या हातानं बुरशी येईल. मग हरणाकाकीला घालवलं तसं मलाबी घालवशील.”

अक्का, पोर रडत नव्हती. तिला ते पटलेलं होतं, तुम्हाला पटलं तसंच.

म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहिते. चैत्रात तुम्हाला हिवताप भरला होता. मिरच्या वाळवून, खोबरं भाजून, धणे निवडून तुम्ही सगळं तयार ठेवलं होतं, फक्त कांडायचं राहिलं होतं. मी म्हटलं, मी सांगलीला नेते, शेजारणीकडे उखळ आहे. विश्रामबागेत कुणाकडेही उखळ नाही. आत्याबाईंनी बजावलं होतं, “यंत्रात चटणी घालशील तर बघ.” आणि तुम्ही अंथरुणावरनं म्हणालात, “चंद्रे, कांदा अजून मऊ हाय, त्येला दोन उनं दाखीव.” मी मान डोलावली.

एकसुद्धा ऊन दाखवलं नाही. एका दुपारी सगळं मिक्सरात काढलं. यंत्र तापून थांबलं की निवायची वाट बघायची आणि पुन्हा लावायचं. भांड्याला हात लावता येत नव्हता इतकं ते तापलं. कांदा, लसूण, खोबरं यांचा तेलकट गोळा व्हायला लागला, तरी मला वाटलं, काय झकास बारीक झालीय! उखळातली चटणी आपण परातीत पसरून निववतो. मी ती तशीच कोमट असताना दोन बरण्यांत मुठीनं दाबदाबून भरली आणि वर फडक्याचा दादरा बांधला. गावाकडे नेली तेव्हा आत्याबाईंनी बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाल्या, “हरणीचा हात उतरलाय की गं तुझ्यात.” लग्न होऊन पंधरा वर्षांत त्यांनी माझं केलेलं ते पहिलं कौतुक. त्यानंतर खरं सांगणं मला जड गेलं.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी माझी बरणी उघडली. वर पांढरी लव आणि कुबट वास. चमचा खाली घातला, तर आतपर्यंत तेच. तुमचा हात त्या बरणीला कधी लागलेला नाही, अक्का. तुम्ही तर त्या वेळी सांगलीत पाऊलही टाकलं नव्हतं. मी ती सगळी चटणी नळाजवळच्या जास्वंदीखाली पुरली, बरणी घासून उन्हात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी बनूला घेऊन गावी आले. आत्याबाईंना हळूच सांगावं, असं खरंच ठरवलं होतं.

दारात आले तर आधीच पंचायत बसलेली. तुमच्याकडची बरणी ओट्यावर, भोवती चार बायका आणि तुम्ही चुलीपाशी उभ्या. आत्याबाईंनी विचारलं, “बाजूला बसली असताना बरणीला शिवलीस का? खरं बोल.” तुम्ही म्हणालात, “व्हय. आखाडात येकदा. गडी जेवाय बसलं हुतं, तुमी घरात न्हवता.” एवढंच. ‘नाही’ म्हटलं असतं तरी कुणाला कळणार होतं? तुम्हाला ‘नाही’ म्हणता आलं नाही आणि मला ‘मी’ म्हणता आलं नाही. मग आत्याबाई ते बोलल्या, “आधी माझा मानसिंग गिळलास, आता घराला बुरशी आणलीस.” मानसिंगभावजींचा ट्रक तिकडे काश्मीरच्या रस्त्यावर दरीत गेला आणि त्याचा जाब आठ वर्षांनी इथं चटणीच्या बरणीवर!

तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं होतंत. मी काय केलं, तुम्हाला आठवत असेल. मी बनूला पुढ्यात ओढलं, तिची चांगली घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. वेणी होईस्तोवर तुम्ही आत जाऊन ट्रंक भरली होती.

त्याच सकाळी आत्याबाई अंघोळ करून आल्या, तेव्हा मी बनूसमोर त्यांना हे सगळं सांगितलं. लालासाहेबही तिथंच होते. त्यांनी जास्वंदीकडे नुसतं बघितलं. त्यांना ते श्रावणापासून माहीत होतं, पण माझ्यासारखेच तेही गप्प राहिले. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाल्या, “पुरलंयस तर पुरल्यालंच ऱ्हाऊ दे. म्हातारपणी मला गावात तोंड खाली घालाय लावू नगंस.” मी म्हटलं, आत्याबाई, अक्का तीन महिने तोंड खाली घालून शेण काढतायत. त्या उठून पडवीत गेल्या. मला वाटलं, आता पिशवी भरून गावची गाडी पकडतात. पण बनूच्या चटईजवळ त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बने, मला प्यायला पानी आन.” बनू माझ्याकडे बघायला लागली. “तिच्याकडं काय बघतीस? तुझ्याच हातनं आन.” पोरीनं तांब्या भरून आणला. त्या सगळा प्याल्या.

त्याहून जास्त अजून काही झालेलं नाही. ‘हरणीला बोलव’ असं त्या म्हणाल्या नाहीत आणि म्हणतील असं मी तुम्हाला खोटं लिहिणार नाही. खोटं लिहून झालंय माझं.

हे पत्र मनात वाचू नका. आकारामदादांना आणि वहिनींना समोर बसवा आणि मोठ्यानं वाचा. जास्वंदीचं वाचताना आवाज बारीक करू नका. येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.नं मी आटपाडीला येते आहे. वहिनींसमोर आणि तुमच्या आळीतल्या बायकांसमोर हेच तोंडानं सांगेन. तिथून तशीच गावी जाऊन, त्या ओट्यावर त्या चौघींना बोलावून पुन्हा सांगेन. तुम्ही बरोबर याल तर तुमच्यासमोर, नाही आलात तर एकटी. मला घरात घ्यायचं की दारातूनच परत लावायचं, ते तुम्ही ठरवा. माफी मी मागत नाही, कारण तुम्ही ती देऊन टाकाल आणि मी सुटेन.

एकच मागते. रविवारची वाट बघू नका. हे वाचून झालं की उठा आणि तुमच्या वहिनीच्या बरणीत हात घाला, चांगला मनगटापर्यंत. त्या हातात काही नव्हतं, अक्का. जे होतं ते माझ्या घरात होतं.

बनूचा तुम्हाला नमस्कार. माझाही, घेतलात तर.

जिच्याही बरणीला बुरशी आली होती, ती
चंद्रा