श्रुतीला हँडओव्हर

४ सप्टेंबर, गुरुवार
बँकेचा होकार आला. आमचं पेमेंट पेज आता त्यांच्या नावाखाली, त्यांच्या सगळ्या दुकानदारांकडे चालणार. हेमंत कुनाफा, ती चीजची अरबी मिठाई, घेऊन आला, नाचायचाच बाकी होता. "मार्था, अल कुसैसच्या या दोन खोल्यांतून सुटलो बघ." कंपनीच्या दुबई लायसन्सवर नाव एकट्या त्याचं. मी तोंडी पार्टनर. आज म्हणाला, बँकेशी सही झाली की तुझंही नाव कागदावर घालू. घरी सांगितलं. नवरा रेमंड ज्या हॉटेलात कामाला, ते रिनोव्हेशनसाठी बंद, तो आणि लेक रिया दोघं माझ्या व्हिसावर. तो म्हणाला, "आधी कागद, मग कुनाफा." तरी दोन तुकडे खाल्ले.

९ सप्टेंबर, मंगळवार
बँकेत मीटिंग. हेमंतने माझी ओळख करून दिली, "धिस इज मार्था, शी हँडल्स सपोर्ट." सिक्युरिटीची ओळ न् ओळ मी लिहिलेली. बँकेच्या बाईने नेमका त्यातलाच प्रश्न विचारला. मी तोंड उघडलं तर हेमंतने माझ्या हातावर हात ठेवला. चर्चमध्ये मिसा चालू असताना पोराला गप्प करतात तसा. सगळ्यांनी पाहिलं. परतताना गाडीत म्हणाला, "त्यांना एकच चेहरा लागतो गं. मनाला लावून घेऊ नकोस."
लावून घेतलं नाही म्हटलं. शारजाच्या बाजूला तुडुंब ट्रॅफिक. उतरेपर्यंत तो गाणी ऐकत होता.

१७ सप्टेंबर, बुधवार
नवी बाई आली, पुण्याहून. श्रुती. आईला बहिणीकडे ठेवून, तिकडची नोकरी सोडून आलीय. हेमंत म्हणाला, "हिला सगळं शिकव. उद्या तू आजारी पडलीस तर?"
शिकवतेय. हुशार आहे. मला ताई म्हणते. दुपारी स्वतःच्या डब्यातलं थालीपीठ मोडून अर्धं माझ्यापुढे.

२४ सप्टेंबर, बुधवार
हेमंतने केबिनमध्ये बोलावलं. बँकेची अट म्हणे, सिक्युरिटीचं काम सर्टिफिकेटवाल्या माणसाकडेच पाहिजे. श्रुतीकडे ते आहे. "तू महिनाअखेरपर्यंत. तुझा व्हिसा रद्द करायची घाई करणार नाही मी, बघू."
मी म्हटलं, आपली पार्टनरशिप?
"कागद कुठाय, मार्था?" शांतपणे. वर विचारतो, कॉफी घेणार का.
रियाचं बारावीचं वर्ष. आज घरी कुणालाच सांगितलं नाही. भात करपवला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
हँडओव्हर संपला. म्हणजे…
रिफंडला एक मागचं दार आहे. टेस्टिंगला सोपं जावं म्हणून मीच ठेवलेलं. त्यातून ओटीपी न विचारता कुठल्याही कार्डावर पैसे परत पाठवता येतात. बँकेकडे सुरू होण्याआधी बंद करायचं ठरलेलं, माझ्याच मनाशी. बाकी कुणाला माहीत नाही.
श्रुतीने वही मिटताना विचारलं, "ताई, अजून काही राहिलं नाही ना?"
"खलास," म्हटलं.
तिने मिठी मारली. म्हणाली, तुम्ही नसाल तर मला इथे कुणीच नाही. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास. मी पाठीवर थोपटलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार
हेमंतचा फोन, बऱ्याच दिवसांनी. बँकेने बाहेरची माणसं लावून आमची सिस्टिम फोडून पाहिली. मागच्या दारानेच आत शिरले. 'सगळं तपासलं आहे' या कागदावर सही श्रुतीची. बँकेच्या लोकांसमोर हेमंत तिला म्हणाला, पुण्याहून कचरा उचलून आणला मी. ती रडायला लागली. बँकेच्या माणसाने टिश्यू दिला आणि बाहेर बसायला सांगितलं. तिचा व्हिसा कॅन्सल करायला टाकलाय. हेमंत हे सगळं चवीने सांगत होता.
मी किचनमध्ये उभी राहून ऐकलं. बरं वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू. बरं वाटलं. नंतर बांगडे तळले, सगळे पोटभर जेवले.

८ ऑक्टोबर, बुधवार
हेमंत घरी आला. रेमंडच्या खुर्चीत बसला. बँक अजून तयार आहे, पण चूक कुणाची ते त्यांना लेखी हवंय. "तू दोन ओळी दे. हँडओव्हरमध्ये श्रुतीला सगळं सांगितलं होतं, एवढंच. तुझी खुर्ची तुझी, आणि या वेळी नाव कागदावर. वकील उद्या येईल."
"आणि श्रुती?"
"तिचं काय, ती जातेच आहे. फार तर इथली कुठली बँक तिला परत दारात उभी करणार नाही."
चहात साखर कमी म्हणाला. मी घातली. लिफ्टपाशी थांबून हळूच, "दार तुला माहीत होतं ना?" मी लिफ्टचं बटण दाबलं. तो हसला. "मला आवडलं. अशीच पार्टनर पाहिजे."
आत आले. रेमंड म्हणाला, "लिहून टाक." पूर्ण गोष्ट त्याला माहीत नाही. रिया मोबाइलमधून मान वर न काढता, "जस्ट साइन इट, ममा. आय हॅव बोर्ड्स."

१० ऑक्टोबर, शुक्रवार
वकील काल येऊन गेला. पार्टनरशिपच्या कागदावर माझं नाव आहे, स्पेलिंगसकट बरोबर. बँकेला द्यायच्या दोन ओळींची मेल टाइप करून ठेवलीय, अजून पाठवली नाही. हेमंतचे तीन मेसेज, यल्ला, यल्ला, म्हणजे आटप लवकर.
आत्ता बेल वाजली. श्रुती. दोन बॅगा लिफ्टजवळ ठेवून आलीय, एअरपोर्टला जाताना भेटायला म्हणे. डोळे सुजलेत. आत बोलावलं, सोफ्यावर बसवलं. "ताई, मला एकच विचारायचं होतं," म्हणाली. मी म्हटलं, थांब, चहा टाकते.
चहा उकळतोय. मी बेडरूममध्ये बसून हे लिहितेय. बाहेर तिचा आवाज येतोय, रियाला विचारतेय, कुठला विषय अवघड जातो…